टीपीएमटी नॉर्मल असताना अझाथायोप्रिनसोबत युरिक अ‍ॅसिडची गोळी का चालत नाही?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. आई ५६ वर्षांच्या आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याचा दाह) दीड वर्षापासून रोज ७५ मिलिग्रॅम अझाथायोप्रिन, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आवरणारं औषध, आणि सोबत आतड्याचा दाह कमी करणारं मेसालामिन घेतात. गेल्या आठवड्यात पायाचा अंगठा लाल होऊन सुजला, युरिक अ‍ॅसिड ८.१ निघालं आणि घराजवळच्या डॉक्टरांनी ते कमी करणारी फेबुक्सोस्टॅट ४० लिहून दिली. चार दिवस दोन्ही गोळ्या पोटात गेल्यावर मेडिकलवाल्यानं स्ट्रिपा पाहून हटकलं, म्हणून तुम्ही फेबुक्सोस्टॅट थांबवलीत. तुमचं म्हणणं असं की सुरुवातीलाच टीपीएमटीची (अझाथायोप्रिन निकामी करणाऱ्या एका एन्झाइमची) तपासणी झाली होती, ती नॉर्मल होती, म्हणजे आईंना हे औषध पचतं. मग भीती कसली? शिवाय डाळी बंद कराव्यात का आणि तुम्हा भावंडांनी ही तपासणी करावी का, हेही विचारलंय.

आधी आज काय करायचं ते सांगतो. मेडिकलवाल्यानं बरोबर केलं. फेबुक्सोस्टॅट पुन्हा सुरू करू नका. अझाथायोप्रिन मात्र स्वतःहून बंद करू नका. आजच कोलायटिसच्या डॉक्टरांना फोन करून चार दिवस दोन्ही एकत्र झाल्याचं सांगा आणि पुढचा डोस त्यांना ठरवू द्या. आज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी करून घ्या. आजचा सीबीसी चांगला आला तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण या जोडीनं रक्तपेशी कोसळू शकतात आणि तो फटका सहसा काही आठवड्यांनी दिसतो. पुढचा महिनाभर दर आठवड्याला सीबीसी करावा असं मी सुचवेन. मधल्या काळात ताप, तोंडात फोड, घसा धरणं, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसले, तर ओपीडीची वेळ पाहत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. चार दिवस हा फार मोठा काळ नाही आणि फेबुक्सोस्टॅट शरीरातून लवकर निघून जाते. त्यामुळे बहुधा काही होणार नाही. पण 'बहुधा'वर सोडण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी एका शिकवण्याच्या रुग्णालयात क्लिनिकल फार्माकॉलॉजी पाहतो. कुठलं औषध कुठल्या औषधासोबत द्यावं, याच्या विचारणा वॉर्डांमधून माझ्याकडे येतात. तुमच्यासारखाच समज मला शिकलेल्या, काळजीवाहू घरांत वारंवार आढळतो, कधी डॉक्टरांमध्येही. 'टीपीएमटी नॉर्मल' या दोन शब्दांचा अर्थ 'अझाथायोप्रिन सुरक्षित' असा लावला जातो. खरं तर तो रिपोर्ट फक्त एका एन्झाइमबद्दल बोलतो. या औषधाचं शरीरात काय होणार हे निदान चार एन्झाइम मिळून ठरवतात आणि फेबुक्सोस्टॅट त्यातल्या वेगळ्याच एन्झाइमला अडवते. टीपीएमटीचा कागद कितीही चांगला असला तरी त्या दुसऱ्या एन्झाइमची हमी तो देऊ शकत नाही.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. अ‍ॅडेनिन आणि ग्वानिन ही प्युरिनं डीएनए-आरएनएची घटकद्रव्यं आहेत. पेशी ती दोन प्रकारे मिळवतात: साध्या रेणूंपासून नव्यानं घडवून किंवा मोडलेली प्युरिनं पुन्हा वापरात आणून. पुनर्वापराचं काम मुख्यतः एचजीपीआरटी नावाचं एन्झाइम करतं. हायपोझँथिन आणि ग्वानिन हे सुटे तुकडे पकडून ते त्यांचे न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनए-आरएनएत जोडता येणारे घटक, बनवतं. जे तुकडे वापरले जात नाहीत त्यांना झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम आधी झँथिन आणि मग युरिक अ‍ॅसिड बनवून बाहेरच्या वाटेला लावतं. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक अ‍ॅसिडही पुढे मोडलं जातं. माणसाकडे ते एन्झाइम उरलेलं नाही, म्हणून आपला प्रवास युरिक अ‍ॅसिडवर थांबतो आणि ते साठलं की गाउट होतो.

अझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर त्याचं ६-मर्कॅप्टोप्युरिन होतं. हा रेणू म्हणजे जवळजवळ हायपोझँथिनच, फक्त एका जागी ऑक्सिजनऐवजी गंधक बसलेलं. प्युरिनची एन्झाइमं त्याला आपलाच माल समजतात आणि आपापल्या परीनं त्याच्यावर काम करतात. एचजीपीआरटी त्याचा न्यूक्लिओटाइड बनवतं. मग आणखी दोन टप्प्यांनंतर त्यातून थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड तयार होतात. औषधाचा खरा परिणाम त्यांचाच: जोमानं वाढणाऱ्या लिम्फोसाइटच्या (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या) डीएनएमध्ये ते खोट्या ग्वानिनसारखे घुसतात आणि आतड्यातला दाह शमतो. पण अस्थिमज्जेतल्या पेशीही तितक्याच जोमानं वाढत असतात. म्हणून हेच न्यूक्लिओटाइड प्रमाणाबाहेर साठले की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात. एचजीपीआरटी नसेल तर औषध चालतच नाही. १९६४ साली वर्णन झालेल्या लेश-नायहन या मुलांच्या आजारात हेच एन्झाइम जवळजवळ नसतं. १९६७ मध्ये ही कमतरता सापडली त्या सुमारास अशा मुलांच्या पेशींवर मर्कॅप्टोप्युरिनचा परिणाम होत नाही हेही लक्षात आलं.

मर्कॅप्टोप्युरिनला निकामी करणाऱ्या वाटा दोन. टीपीएमटी त्यावर मिथाइल गट चढवतं. झँथिन ऑक्सिडेज त्याचं थायोयुरिक अ‍ॅसिड करून लघवीवाटे काढून टाकतं. दोन्ही एन्झाइमांची कामाची जागा वेगळी आहे, हे फार महत्त्वाचं. झँथिन ऑक्सिडेज आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात भरपूर असतं. त्यामुळे गिळलेल्या गोळीतला बराचसा भाग रक्तात फिरण्याआधीच तिथं निकामी होतो. रक्तपेशी घडवणाऱ्या मज्जेत मात्र झँथिन ऑक्सिडेज जवळजवळ नसतंच. तिथं भिस्त टीपीएमटीवर. फेबुक्सोस्टॅट किंवा अ‍ॅलोप्युरिनॉल (युरिक आम्ल कमी करणारं, त्याच एन्झाइमला अडवणारं जुनं औषध) दिल्यावर आतडं आणि यकृतातला पहारा उठतो आणि मज्जेकडे जाणारं औषध कित्येक पटींनी वाढतं. तोंडावाटे दिलेल्या मर्कॅप्टोप्युरिनचं रक्तातलं प्रमाण अ‍ॅलोप्युरिनॉलमुळे सुमारे पाचपट होतं, असं १९८० च्या दशकात रुग्णांवर मोजून दाखवलं गेलं. तेच औषध शिरेतून दिलं तेव्हा असा फरक पडला नाही. तुमच्या आईंचं टीपीएमटी नॉर्मल आहे म्हणजे ते नेहमीच्या ओझ्यापुरतं पुरेसं आहे. पाचपट ओझ्याचं आश्वासन त्यात नाही. त्यात मेसालामिन टीपीएमटीला थोडंसं रोखतं, हेही ध्यानात घ्या. एरवी तो परिणाम किरकोळ असतो. झँथिन ऑक्सिडेज बंद झाल्यावर तोच उरलेल्या एकुलत्या वाटेवर पडतो.

ही टक्कर कुणाला नंतर अपघातानं कळली, असंही नाही. बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्कॅप्टोप्युरिन घडवलं आणि त्याच दशकात अझाथायोप्रिन. मर्कॅप्टोप्युरिन शरीरात फार लवकर निकामी होतं, त्याला वाचवावं म्हणून त्यांनी झँथिन ऑक्सिडेज अडवणारा रेणू वापरून पाहिला, तो म्हणजे अ‍ॅलोप्युरिनॉल. त्यानं रुग्णांचं युरिक अ‍ॅसिड झपाट्यानं उतरतं हे दिसलं आणि मग ते गाउटचं औषध झालं. अमेरिकेत १९६६ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. १९८८ चं नोबेल दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासोबत मिळालं. म्हणजे ज्या परिणामाला आपण आज घाबरतो, त्याच्यासाठीच ते औषध मुळात आजमावलं गेलं होतं. मी हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, कारण ही जोडी लक्षात राहिली तर एखाद्याचा जीव वाचतो.

एक उदाहरण देतो. किडनी बदललेला एक रुग्ण गावाकडून ताप आणि तोंडभर फोड घेऊन आला. वॉर्डातून मला फोन आला तेव्हा पांढऱ्या पेशी ९०० होत्या, प्लेटलेट २२,०००. त्याच्या मुलानं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली. दोन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या आणि पाचसहा औषधांच्या स्ट्रिपा. एकीवर अझाथायोप्रिन १००, दुसरीवर अ‍ॅलोप्युरिनॉल ३००, तीन आठवड्यांपासून, दोन्ही पूर्ण डोसात. आणि फाइलमध्ये अगदी वर, जपून ठेवलेला टीपीएमटीचा नॉर्मल रिपोर्ट. दोन्ही गोळ्या थांबवल्या, अँटिबायोटिक्स आणि पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं दिली, नवी किडनी नाकारली जाऊ नये म्हणून स्टेरॉइड वाढवलं. तो बरा होऊन घरी गेला. पण त्या मुलानं विचारलेला प्रश्न तुमचाच होता: 'रिपोर्ट तर नॉर्मल होता ना?' एकाही डॉक्टरांनी चुकीचं औषध लिहिलं नव्हतं. दोघांनी एकमेकांची चिठ्ठी पाहिली नव्हती. म्हणून माझा आग्रह असा की आईंच्या सगळ्या औषधांची नावं, घटकांसहित, एका कागदावर लिहून प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. स्ट्रिपवर झायलोरिक असेल तर घटकाच्या ओळीत अ‍ॅलोप्युरिनॉल सापडेल आणि अझोरान असेल तर अझाथायोप्रिन. नुसत्या ब्रँडनावावरून हे घरच्यांना कळणं अवघड आहे.

आता चौथं एन्झाइम, एनयूडीटी१५. थायोग्वानिनचे ट्रायफॉस्फेट (डीएनएत घुसायला तयार असलेलं रूप) तयार झाल्यावर त्यांना मोडून निरुपद्रवी करणं हे त्याचं काम. २०१४ मध्ये कोरियातल्या आतड्याच्या रुग्णांवरच्या अभ्यासातून या जनुकातला एक बदल समोर आला. टीपीएमटी उत्तम असूनही ज्यांच्या पांढऱ्या पेशी पहिल्या काही आठवड्यांतच घसरत होत्या, केसही झपाट्यानं गळत होते, त्यांच्यापैकी अनेकांचं कोडं त्यानं सुटलं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. युरोपातल्या सुमारे दहा टक्के लोकांत टीपीएमटीची एक प्रत दुबळी असते आणि साधारण तीनशेत एकात दोन्ही. आपल्याकडे टीपीएमटीचा दोष त्याहून कमी आढळतो. उलट एनयूडीटी१५ चा बदल पूर्व आणि दक्षिण आशियात बराच आढळतो आणि भारतातल्या रुग्णांवरच्या अभ्यासांतही तो टीपीएमटीच्या दोषापेक्षा जास्त दिसला आहे. म्हणून आज कुणी अझाथायोप्रिन किंवा मर्कॅप्टोप्युरिन नव्यानं सुरू करणार असेल, मग तो कोलायटिसचा रुग्ण असो की ल्युकेमियाचं (रक्ताच्या कर्करोगाचं) लहान मूल, तर मी दोन्ही जनुकांची तपासणी सुचवतो. पाश्चात्त्य पद्धतीनं फक्त टीपीएमटी पाहून थांबणं आपल्या लोकांसाठी अपुरं आहे, असं माझं ठाम मत आहे. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही दोन्ही जनुकांचा एकत्र विचार आहे. एक प्रत दुबळी असेल तर कमी डोसानं सुरुवात करतात. दोन्ही दुबळ्या असतील तर कोलायटिससारख्या आजारात हे औषध टाळतात. ल्युकेमियात मात्र पर्याय मोजके असल्यानं ते अगदी थोड्या प्रमाणात दिलं जातं.

तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र एनयूडीटी१५ च्या तपासणीसाठी धावपळ करण्याची गरज मला वाटत नाही. दीड वर्ष ७५ मिलिग्रॅम घेऊन पेशी टिकून आहेत, तर दोन्ही प्रती दुबळ्या असणं जवळजवळ शक्य नाही. तसं असतं तर पहिल्या महिन्यातच कळलं असतं. एक प्रत दुबळी असू शकते आणि कमी डोसामुळे ती झाकली गेली असू शकते. पण हे सगळं सहन झालं ते झँथिन ऑक्सिडेज चालू असताना. ते बंद केल्यावर जुना अनुभव तितकासा कामाचा राहत नाही.

जुन्या टीपीएमटी रिपोर्टबद्दल एक गोष्ट तपासा. तो एन्झाइमच्या क्रियेचा आहे की जनुकाचा? क्रिया लाल पेशींत मोजतात. तपासणीच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल, आणि कोलायटिसमध्ये रक्तस्रावामुळे ते चढवावं लागतं, तर रक्तदात्याच्या पेशींमुळे क्रिया नॉर्मल दिसू शकते. जनुकाच्या तपासणीत ही अडचण सहसा येत नाही.

पुढचा मुद्दा परिस्थितीवर अवलंबून आहे: आईंना युरिक अ‍ॅसिडचं औषध खरंच हवंय का? ८.१ हा आकडा एकटा आजार नव्हे. अंगठ्याची सूज गाउटची वाटते खरी, पण पक्कं निदान सांध्यातल्या पाण्यात स्फटिक दिसल्यावर होतं, आणि पहिलाच झटका असेल तर कायमची गोळी लगेच सुरू करावीच असं नसतं. त्याआधी, आई बीपीची गोळी घेत असतील तर तिचं नाव पाहा. आपल्याकडे अनेक बीपीच्या गोळ्यांच्या नावाशेवटी 'एच' असतो, म्हणजे त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, आणि ते युरिक अ‍ॅसिड वाढवतं. ते बदलून लोसार्टानसारखं औषध चालणार असेल तर तेवढ्यानंही आकडा खाली येतो, कारण लोसार्टान युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे थोडं बाहेर काढतं. झटका आला तर घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. तिनं कोलायटिस उसळू शकतो. गाउटच्या झटक्यावरच्या कोल्चिसिननं जुलाब होतात, ते कोलायटिसच्या रुग्णाला घोटाळ्यात टाकतात. त्यामुळे अशा वेळी थोड्या दिवसांचा स्टेरॉइड हा पर्याय डॉक्टर अनेकदा निवडतात.

समजा गाउट पक्का निघाला, झटके परतून येऊ लागले आणि औषध द्यावंच लागलं. मग तीन मार्ग उरतात आणि त्यातला कुठला निवडायचा ते दोन्ही डॉक्टरांनी एकत्र ठरवायचं. पहिला, अझाथायोप्रिनच बदलणं. किडनी बदललेल्या रुग्णात मायकोफेनोलेट हे रोगप्रतिकारशक्ती आवरणारं दुसरं औषध देता येतं. तेही प्युरिनच्याच मार्गावर, आयएमपी डीहायड्रोजिनेज या एन्झाइमवर काम करतं, पण झँथिन ऑक्सिडेजशी त्याचं काही देणंघेणं नाही. कोलायटिसमध्ये मात्र मायकोफेनोलेट ही पहिली निवड नव्हे. तिथं बायोलॉजिक (जैविक पद्धतीनं बनवलेली, दाह रोखणारी इंजेक्शनं) किंवा इतर औषधांचा विचार होतो, आणि खर्चाचा प्रश्न येतो. दुसरा, किडनी चांगली असेल आणि खडे नसतील तर प्रोबेनेसिडसारखं, युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे काढणारं औषध. तिसरा, दोन्ही देणं, पण अझाथायोप्रिनचा डोस आधी पाव ते एक तृतीयांशावर आणून. हा हिशेब अ‍ॅलोप्युरिनॉलसाठी वर्षानुवर्षांच्या अनुभवातून बसलेला आहे. फेबुक्सोस्टॅटचा तितका अनुभव नाही आणि अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात अझाथायोप्रिनसोबत ती निषिद्धच ठरवली आहे. म्हणून जोडी द्यायचीच असेल तर मी अ‍ॅलोप्युरिनॉलच्या बाजूचा आहे.

कुठे वाचलंत की काही पोटविकारतज्ज्ञ मुद्दाम ही जोडी देतात, तर तेही खरं आहे. काही रुग्णांचं टीपीएमटी इतकं जोरात चालतं की औषधाचा बराच भाग मिथाइल रूपात जातो. थायोग्वानिन कमी पडतं आणि लिव्हरचे आकडे चढतात. अशांना अझाथायोप्रिनचा डोस पाव ते एक तृतीयांश करून १०० मिलिग्रॅम अ‍ॅलोप्युरिनॉल देतात. मग थायोग्वानिन वाढतं, मिथाइल रूप घटतं. पण हे रक्तातली दोन्ही रूपं मोजून आणि सीबीसीवर बारीक नजर ठेवून करतात. तुमच्याकडे जे झालं त्यात डोस कमी केलेलाच नव्हता.

डाळींचं सांगतो. बंद करू नका. युरिक अ‍ॅसिडचा मोठा भाग शरीर स्वतः तयार करतं आणि डाळींतल्या प्युरिनमुळे गाउटचा धोका वाढल्याचं दिसत नाही. कलेजी, मटण, तारली-बांगड्यासारखी मासळी, बियर आणि गोड शीतपेयं आवरायला हवीत. आहार बदलून अझाथायोप्रिनच्या परिणामात काही फरक पडत नाही. गंमतीची गोष्ट एकच: गाईच्या दुधात झँथिन ऑक्सिडेज भरपूर असतं, म्हणून मर्कॅप्टोप्युरिनची गोळी दुधासोबत घेऊ नये असं जुन्या काळापासून सांगतात. आपण दूध उकळून पितो आणि उकळीत हे एन्झाइम मरतं. तरी गोळी पाण्यासोबत घेतली तर प्रश्नच उरत नाही.

तुम्हा भावंडांबद्दल. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ हे दोन्ही गुण आईवडिलांकडून एकेक प्रत असे येतात. दुबळी प्रत असली तरी एरवी आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. फरक पडतो तो या गटाची औषधं घेतल्यावरच. म्हणून निरोगी असताना तपासणीवर पैसे घालू नका. तुमच्यापैकी कुणाला कधी अझाथायोप्रिन, मर्कॅप्टोप्युरिन किंवा थायोग्वानिन सुरू करायची वेळ आली, तर पहिल्या गोळीआधी दोन्ही जनुकं तपासायला सांगा आणि घरात कुणाच्या पेशी या औषधानं घसरल्या असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून कळवा.